साडूभाऊंचं बिनखिळ्याचं घर

"थांबा, थांबा! पाव्हणं, भिंतीतनं कुठं चाललाव?"

मी एक पाय हवेत धरून उभा राहिलो. समोर मोकळं रान. डाव्या हाताला कुणाची तरी हुरड्याला आलेली ज्वारी, उजव्या हाताला बेंबळीकडं जाणारा रस्ता, मध्ये मुरमाड प्लॉट आणि त्याच्या कोपऱ्यांवर चार दगड. भिंत म्हणावी असं नजरेच्या टप्प्यात काही नव्हतं. लांब डोंगराच्या कडेला पवनचक्क्यांची ओळ होती, आणि त्यासुद्धा दुपारच्या सुस्तीत एकेक पातं विचार करकरून फिरवत होत्या. प्लॉटच्या मधोमध डोक्यावर टॉवेल टाकून आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन आमचे साडूभाऊ बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र खरोखरच कुणी घराची भिंत फोडून आत शिरल्याचा धक्का होता. "दारातनं या," ते म्हणाले. दार कुठं आहे असं विचारलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. मी आपला दगडाला वळसा घालून, अंदाजानं, थोडा वाकून आत आलो. "चपला," ते म्हणाले. मी चपला काढल्या. मुरमाचे खडे तळपायात घुसत होते आणि साडूभाऊ अभिमानानं विचारत होते, "फरशी गार हाय का न्हाय?"

घर बांधून त्यात राहायला जाणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण आधी राहायला जाऊन मग सवडीनं घर बांधणारा माणूस आपल्या धाराशिव जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. माझं स्वतःचं टाईल्सचं दुकान आहे. आम्ही टाईल्सवाले खोटं बोलत नाही. फक्त सुटी फरशी विकत नाही, अख्खी पेटी देतो. माझं सांगणंही तसं पेटीनंच येतं. वाचणाऱ्यानं आपापल्या मापानं कापून घ्यावं.

साडूभाऊंचा धंदा काय, हे मला लग्नानंतर बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. सासुरवाडीत विचारलं तर कुणी म्हणे इंजिनियर, कुणी म्हणे कॉम्प्युटरवर बसतात, आणि सासरेबुवा नुसतेच "भिंती बघतात" म्हणून सुपारी कातरायला लागत. मग एकदा साडूभाऊंनी मला समोर बसवून समजावलं. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. म्हणजे घर जमिनीवर बांधायच्या आधी संगणकात बांधून टाकायचं, आणि तेही वरवरचं न्हाय. त्यांचं खास काम आतल्या फिनिशिंगचं: प्लास्टर, फरशी, रंग, छताचं पीओपी, कपाटं, दिवे, पडद्याचे दांडे. "नकाशातल्या दाराला ठाऊक नसतंय का आपण दार हाओत," ते म्हणाले. "ते बिचारं नुसती रेघ. मॉडेलमधल्या दाराला समदं ठाऊक असतंय. आपण कुठल्या लाकडाचं, कुठल्या अंगाला उघडणार, उघडल्यावर कुणाच्या कपाटाला लागणार." हे सांगताना त्यांचे डोळे असे काही ओलसर आणि लांब गेले, की आमच्या घरच्या दाराकडं बघून मला उगाच दया आली. बिचारं, आयुष्यभर उघडलं-मिटलं आणि त्याला कुणी काही सांगितलंच नाही.

पुण्यात एका मोठ्या कंपनीत हे काम शिकून ते गावाकडं परतले आणि भाड्याच्या दोन खोल्यांत संगणक मांडून बसले. लांबलांबच्या शहरांतली दवाखान्यांची, हॉटेलांची कामं त्यांच्याकडं यायची. समुद्रापलीकडल्या कुठल्याशा हॉटेलातल्या न्हाणीघराच्या फरश्या आमच्या धाराशिवात, अक्का शेजारी शेंगा फोडत असताना ठरल्या आहेत. तिथं आंघोळ करणाऱ्या शेखाला हे ठाऊक नसेल, पण त्याच्या पायाखाली एकही तुकडा लावलेली फरशी नाही ती आमच्या साडूमुळं. माझ्या दुकानाचं मात्र त्यांनी वाटोळं केलं. आधी गिऱ्हाईक अंदाजानं पेट्या न्यायचं, चार जास्तीच. आता साडूभाऊंचं मॉडेल नेमकी गरज सांगायचं, आणि गिऱ्हाईक माझ्यापुढं मोबाईल धरून म्हणायचं, "एवढ्याच द्या, साहेबांनी मोजल्यात." घरचाच माणूस, बोलता येईना. जेवायला बोलवून मी त्यांना भाकरी मात्र मोजून वाढायला सांगायचो.

त्यांच्या मॉडेलमध्ये एक सोय असते. दोन वस्तू एकाच जागी येत असतील, म्हणजे समजा पाण्याचा पाईप तुळईतून चाललाय किंवा पंख्याचं पातं छताच्या नक्षीला घासतंय, तर संगणक तांबडा डाग दाखवतो. त्याला ते क्लॅश म्हणतात. ही सोय हळूहळू त्यांच्या डोळ्यांतच उतरली. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की त्यांची मान संथ फिरायची, आणि यजमान पाणी आणेपर्यंत ते हळहळत म्हणायचे, "कपाट आन् खिडकीचा क्लॅश हाय हो." भल्याभल्या माणसांनी त्यांच्या या एका वाक्यावर रात्रीतून कपाटं हलवली आहेत. माझ्या पुतण्याच्या लग्नात मंगल कार्यालयात शिरल्या शिरल्या ते वर बघत उभे राहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नवरदेवाचा फेटा आन् ते झुंबर. क्लॅश हाय." मी म्हटलं, नवरदेव काय शिडी चढून लग्न लावणार आहे का. हार घालायच्या वेळी मित्रांनी त्याला हौसेनं उचललं, नवरदेव वर गेला, हार घातला, नवरदेव खाली आला. फेटा वरच राहिला. पुढचे सगळे लग्नविधी त्या फेट्याच्या छायेखाली झाले. साडूभाऊ जिलबी खात होते, त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

कुठल्याही नव्या घराच्या कामावर त्यांना चालताना बघणं म्हणजे सोहळा. आत सगळं रिकामं असायचं, नुसता स्लॅब आणि सिमेंटच्या गोण्या. पण साडूभाऊ सरळ चालायचे नाहीत. जिथं पुढं-मागं सोफा येणार आहे तिथं वळसा घालायचे, जिथं छत खाली येणार तिथं मान वाकवायचे, आणि न आलेल्या डायनिंग टेबलापाशी आले की पोटात श्वास ओढून कडेनं सरकायचे. बेंबळीच्या एका म्हाताऱ्या अण्णांच्या घराचं काम त्यांनी घेतलं होतं. मॉडेल दाखवायला त्यांनी अण्णांच्या डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवला, ज्यातून न झालेलं घर चहूकडं दिसतं. अण्णा काठी टेकत टेकत बैठकीत हिंडले, भिंतीचा रंग बघितला, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि दमून सोफ्यावर बसले. सोफा चष्म्यात होता. अण्णा धप्पकन फरशीवर. घरातली माणसं धावली, पण अण्णा चष्मा न काढता शांतपणे म्हणाले, "सोफा जरा खाली झालाय." साडूभाऊंनी त्याच दिवशी मॉडेलमधला सोफा चार बोटं वर घेतला. तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्याला त्यांनी असंच बैठकीतलं छत दाखवलं. गिऱ्हाइकाच्याच हट्टापायी त्यात दिव्यांच्या नुसत्या माळाच माळा होत्या. मॉडेलमध्ये सगळे दिवे एकदम लावले तसा तो माणूस दाराकडं सरकला. म्हणाला, "कमी करा साहेब. आमच्या धंद्यात येवढा उजेड झाला की आमी पळतो."

अशा माणसाचं स्वतःचं घर कसं असेल, असं कुणालाही वाटेल. तर नव्हतंच. भाड्याच्या दोन खोल्या, आणि त्यांत इतके क्लॅश की मोजायला संगणक कमी पडावा. दार उघडं असलं की कपाट उघडत नसे, कपाट उघडं असलं की माणूस आत येत नसे. पण अक्कांचं दुखणं वेगळंच होतं. घरमालकानं पहिल्या दिवशी एकच अट घातली होती: भिंतीला खिळा मारायचा न्हाय. माणूस वाईट नव्हता, पण भिंतींवर त्याचा पोटच्या पोरांसारखा जीव. त्यामुळं अक्कांचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं, आरसा बादलीवर टेकवलेला, आणि भिंतीवरचं घड्याळ फ्रीजच्या डोक्यावर आजारी माणसासारखं उताणं पडलेलं. वेळ बघायची तर टाचा उंच कराव्या लागायच्या. अक्का आमच्याकडं आल्या की चहा व्हायच्या आत विचारायच्या, "दाजी, कुठं खिळाबिळा मारायचाय का?" आणि मी हो म्हणायची वाट न बघता हातोडी घ्यायच्या. खिळा मारण्याचा असा हात मी बघितला नाही. तोंडात दोन खिळे धरलेले, डोळा बारीक, तीन ठोक्यांत खिळा पार. आमच्या घराच्या भिंतींना त्यांच्यामुळं इतके खिळे झाले, की कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यांवर अख्खं गाव टांगून ठेवलं असतं. बायको म्हणायची, काय करायचेत एवढे खिळे. मी म्हणायचो, मारू दे. स्वतःची भिंत असावी, तीत आपल्या हातानं खिळा ठोकावा, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं, आणि ते साऱ्या घराला ठाऊक होतं. एका साडूभाऊंना सोडून.

त्यांनी प्लॉट घेतला तो लेक शाळेत जायला लागली तेव्हा, आणि त्याच आठवड्यात घराचं मॉडेल सुरू केलं. सुरू केलं ते केलंच. त्या मॉडेलमध्ये लेकीच्या खोलीत आधी लहानशी खाट होती आणि बाहुल्यांचं फडताळ. मग फडताळ जाऊन अभ्यासाचं टेबल आलं. मग खाट लांबवली, कारण पोरगी उंच झाली. मग टेबलाशेजारी मोठा आरसा आला. आणि मग एक दिवस साडूभाऊंनी खाटेवरची चादर घडी करून पायथ्याशी ठेवली. घर व्हायच्या आधीच त्या घरातली लेक शिकायला बाहेरगावी निघून गेली.

कधी सुरू करताय बांधकाम, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "एक क्लॅश राहिलाय." तो काढला की दुसरा निघायचा. जिन्याखालचं कपाट, न्हाणीघराचा उंबरा, पडदा आणि कूलर. लोक हसायचे, आणि मीही हसायचो, पण प्लॉटवर त्यांच्याजवळ जाऊन बसलं की हसू कुठं जायचं कळत नसे. त्यांच्या संगणकात ऊन फिरवता यायचं. कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी, ऊन खिडकीतून कुठं पडेल ते सगळं दिसायचं. संध्याकाळी ते अक्कांना स्कूटरवरून तिथं आणायचे. अक्का थर्मासमधून चहा आणायच्या आणि ‘स्वयंपाकघरात’ बसून तो ओतायच्या. साडूभाऊ पडद्यावर बोट फिरवायचे आणि मार्गशीर्षातलं ऊन ओट्यावर येऊन बसायचं. "हितं तू पीठ मळणार," ते सांगायचे, "आन् ऊन तुझ्या मनगटावर येणार. लई येळ न्हाय. थोडाच." अक्का मुरमावर बसल्या बसल्या आपलं मनगट बघायच्या. समोर ज्वारी हलायची, पवनचक्क्या फिरायच्या. भिंती नव्हत्या तरी तेवढा वेळ वारा त्या दोघांना सोडून बाजूनं जायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. यातलं कापून घेऊ नका.

अक्कांना ते घर पाठ झालं. अंधारातसुद्धा कुठल्या भिंतीत कुठली वायर, कुठं नळाचा पाईप, बटण कितव्या विटेला, हे त्या सांगायच्या. आणि एका संध्याकाळी साडूभाऊंनी त्यांना आपल्या मते जगातली सगळ्यात मोठी भेट दिली. घड्याळासाठी भिंतीत गोल कोनाडा, आत छुपी वायर. फोटोंसाठी छताच्या कडेत लपवलेली पट्टी, तिच्यातून बारीक तारा सोडायच्या. कॅलेंडरला कपाटाच्या दाराच्या आत जागा. आरसा भिंतीत बसवलेला. सगळं दाखवून झाल्यावर ते छाती काढून म्हणाले, "अख्ख्या घरात एक खिळा लागणार न्हाय. बघ, तुझ्या येवढ्या वर्षांच्या तरासाचा निकाल लावला." अक्कांनी थर्मासचं झाकण लावलं. "चांगलं केलं," त्या म्हणाल्या. मी तिथंच होतो. पवनचक्कीचं एक पातं मध्येच थांबल्यासारखं वाटलं.

एकदा मीच चिडून म्हणालो, साडूभाऊ, जमीन आहे, हातपाय चालतायत, आता अडलंय कुठं? त्यांनी लॅपटॉप मिटला. मिटलेल्या लॅपटॉपचे साडूभाऊ मी पहिल्यांदा बघत होतो, आणि ते जरा लहान दिसत होते. वडील एसटीत कंडक्टर, दर काही वर्षांनी बदली, परंड्यापासून कुठं कुठं भाड्याच्या खोल्या. "परंड्याच्या खोलीत," ते म्हणाले, "मी झोपलो की पाय दारात यायचे. रातचं कुणी बी बाहीर जाताना पायावर पाय देऊन जायचं. आई म्हणायची, आपलं घर झालं की तुझे पाय मोकळे ठेवू." मग त्यांनी मिटलेल्या लॅपटॉपवरची धूळ टॉवेलानं पुसली. "मॉडेलमधी चुकलं तर पुसता येतंय, पाव्हणं. एकदा भिंत झाली की झाली."

म्हणजे अडलं होतं ते भीतीपायी. यावरचं उत्तर अक्कांजवळ होतं, पण त्यांनी ते तोंडानं दिलं नाही.

त्या संक्रांतीला अक्कांनी गल्लीतल्या, नात्यातल्या, ओळखीच्या साऱ्या बायकांना मोबाईलवर हळदी-कुंकवाचं बोलावणं धाडलं. पत्ता: आमचं घर, बेंबळी रोड. साडूभाऊंना हे कळलं ते माझ्या बायकोकडून. ते धावत प्लॉटवर गेले तर अक्का चुन्याच्या फक्कीनं भिंती आखत होत्या. हातात मॉडेल नव्हतं, कागद नव्हता. दाराची जागा सोडली, खिडक्यांच्या जागी आडव्या रेघा ओढल्या, ओटा काढला, लेकीची खोली काढली. दाराबाहेर रांगोळी घातली. साडूभाऊ टेप घेऊन मापं तपासत मागून हिंडले. मला शपथ घालून विचारा, एका ठिकाणीही फरक नव्हता.

उन्हं कलायला लागली तशा बायका आल्या. रिक्षातून, स्कूटरवरून, चालत. आधी रस्त्यावरच घुटमळल्या. मग अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या आणि "या की आत" म्हणाल्या, इतक्या साधेपणानं, की पहिल्या बाईनं मुकाट चपला काढल्या. तिच्या मागून दुसरीनं. बघता बघता त्या नसलेल्या उंबऱ्याबाहेर चपलांचा हा ढीग. बायका बैठकीत सतरंजीवर बसल्या, अक्का स्वयंपाकघरातून तिळगूळ घेऊन दारातून वळून येत होत्या, वाण लुटत होत्या. कुणी लेकीची खोली बघून आली. कुणी म्हणाली ओटा मोठा आहे. एक आजीबाई दुसऱ्या खोलीतून सरळ भिंतीतून बाहेर पडायला लागल्या, तर सुनेनं त्यांना दंडाला धरून दारातून फिरवून आणलं. साडूभाऊ रस्त्याच्या पलीकडं माझ्याजवळ उभे होते, आणि त्यांच्या घरात माणसं न अडखळता वावरत होती. कुणाचा कुणाला धक्का लागत नव्हता. "क्लॅश न्हाय," ते पुटपुटले. "पाव्हणं, एक बी क्लॅश न्हाय."

जाताना त्या आजीबाईंनी साडूभाऊंना जवळ बोलावलं, कौतुकानं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घर लई छान हाय बाबा. आता भिंती तेवढ्या बांधून घ्या."

 साडूभाऊंनी दुसऱ्याच दिवशी गवंड्याला बोलावलं.

घर उठलं. उठताना त्यानं साडूभाऊंचा जीव घेतला. गवंड्यानं एका भिंतीला प्लास्टर अंगठाभर जाड केलं तर हा माणूस त्या भिंतीपाशी सुतक असल्यासारखा बसून राहिला. कपाट बसेना, सुतारानं कडेनं तासून बसवलं. न्हाणीघरात माझ्याच दुकानाची फरशी एका कोपऱ्यात तुकडा लावून बसली. ती मी मुद्दाम कमी दिली, असं ते अजून म्हणतात. पण या धंद्यात शेवटी आणखी एक मॉडेल करतात. पहिलं ठरल्याप्रमाणे, आणि हे झाल्याप्रमाणे. जाड प्लास्टर, तासलेलं कपाट, फरशीचा तुकडा, सगळं त्यात मापानं भरायचं. ते करताना मात्र साडूभाऊ निवत गेले. जे झालं ते लिहून काढताना माणूस मऊ होत असावा.

मार्गशीर्षात, वास्तुशांतीच्या दिवशी, लेक आली होती, बेंबळीचे अण्णा येऊन खऱ्या सोफ्यावर बसले होते, आधी हातानं चाचपून. चुन्यानं आखल्या होत्या तिथंच भिंती होत्या. घड्याळ गोल कोनाड्यात होतं, फोटो तारांवर तरंगत होते, आणि साडूभाऊ प्रत्येक पाहुण्याला सांगत होते की बघा, एक खिळा दिसतोय का. पाहुणे भिंती न्याहाळून माना हलवत होते. चार वाजून गेले, पंगती उठल्या, आणि खिडकीतून ऊन आत आलं. साडूभाऊ ज्या जागी म्हणाले होते त्या जागी, ओट्यावर. अक्का पीठ वगैरे काही मळत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. त्यांनी मनगट त्या उन्हात धरलं. लई येळ न्हाय, थोडाच. ऊन सरकलं, तशा त्या स्वयंपाकघरातून निघून बैठकीत आल्या.

मग ठक्क, असा आवाज झाला.

बैठकीच्या मुख्य भिंतीवर, जिथं काहीच नव्हतं आणि काहीच नसावं अशी साडूभाऊंनी वर्षानुवर्षं काळजी घेतली होती, तिथं अक्का खुर्चीवर उभ्या होत्या. तोंडात एक खिळा, हातात हातोडी.

"अगं थांब! वायर हाय तिथं!" साडूभाऊ ओरडले.

"वायर हिकडं हाय," अक्का तोंडातला खिळा न काढता म्हणाल्या आणि डावीकडं वीतभर अंतर दाखवलं. अजून दोन ठोके दिले. खिळा पार.

 नव्या रंगाची बारीक पूड फरशीवर पडली. साडूभाऊंनी टॅबलेट उचलून भिंतीसमोर धरला, त्यात भिंतीच्या पोटातल्या वायरी दिसतात. वायर खरंच डावीकडं होती. त्यांनी टॅबलेट खाली ठेवला, खिळ्यापाशी गेले, बोटानं हलवून बघितला. हलला नाही. ते त्याच्याकडं किती तरी वेळ बघत राहिले. त्यांना काय दिसलं ते मला ठाऊक नाही, पण मला त्यांच्या खांद्यामागून भाड्याच्या खोलीतलं, फ्रीजवर उताणं पडलेलं घड्याळ दिसलं, आणि बहुतेक त्यांनाही. मग ते जाऊन लॅपटॉप घेऊन आले, सतरंजीवर बसले, आणि झाल्याप्रमाणेच्या मॉडेलमध्ये त्या भिंतीवर एक खिळा काढला. त्याला नीट माप दिलं. बसवणाऱ्याच्या रकान्यात बायकोचं नाव घातलं.

पाहुणे पांगले. अक्का खुर्ची पुसत होत्या. मी त्या खिळ्याखाली जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "अक्का, काय लावायचं हितं? फोटो का कॅलेंडर?"

"काय न्हाय," अक्का म्हणाल्या. "खिळा मारायचा हुता."